मोडीत निघालेली नावे

१८८८ सालच्या डिसेंबरात मेहकरात जमीन खणताना काळ्या पाषाणाची विष्णूची उभी मूर्ती सापडली. सुमारे अकरा फूट उंचीची ही मूर्ती म्हणजेच आजचा शारंगधर बालाजी. तिच्याबरोबर दागिने आणि ताम्रपट निघाले ते सरकारने नेले, मूर्तीही विलायतेला न्यायचा बेत होता, तो कळताच गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना केली आणि पूजेतला देव मग कोणाला हलवता येईना, असे गावात आजही सांगतात. या कथेतला कोणता तपशील कागदोपत्री टिकेल हा वेगळा प्रश्न आहे. मला तिच्यातली समज महत्त्वाची वाटते. वस्तू वापरात आहे तोवर ती गावाची असते. वापरातून गेली की ती कोणाचीही होऊ शकते, हे त्या माणसांना नेमके कळले होते.

देवाला हे संरक्षण मिळाले. घरातल्या वस्तूंना ते मिळाले नाही.

मेहकर हे पैनगंगेच्या काठचे जुने गाव. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ते ठाणे होते. इंग्रजी अमदानीतले गॅझेटिअर सांगते की इथले मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते की त्यांनी गावाला तट घातला. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३ चा दुष्काळ यांनी गावाची रया गेली. इथल्या धोतरांना नाव होते. पण मेहकरच्या मागावर विणलेले म्हणून एखादे धोतर आज दाखवा म्हटले तर कोण दाखवील? कापड विरते, त्याची फडकी होतात, फडकी गोधडीत जातात. त्यावर विणणाऱ्याचे नाव नसते आणि नेसणाऱ्याचेही नसते. एवढा मोठा धंदा, आणि मागे राहिला तो गॅझेटिअरमधला एक परिच्छेद.

देवघरातल्या टाकांची गोष्ट थोडी निराळी. टाक म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर उठवलेला देव. घोड्यावरचा खंडोबा, त्याच्यामागे म्हाळसा, खाली कुत्रा, अष्टभुजा भवानी, भैरोबा, आणि घराण्यात लढाईत किंवा अकाली गेलेल्या माणसाचा वीर. दोन-चार बोटे उंचीच्या या पत्र्यांत घराचा इतिहास असतो. कुलस्वामिनी माहूरची की तुळजापूरची, घर कधी विभागले (वाटणी झाली की नवे टाक करून देव बसवतात), कोणाचे मरण घराला बोचत राहिले, हे सगळे त्या पाटावर मांडलेले असते. हळद-भंडाऱ्याने आणि वर्षानुवर्षे उजळण्याने टाकावरचे नाक-डोळे झिजतात. मग नवे करायचे आणि जुने नदीत सोडायचे किंवा सोनाराला द्यायचे, ही रीत. संग्राहकाला हा नाश वाटतो. घरच्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण देव गेलेला नसतो, फक्त पत्रा बदललेला असतो. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या अभ्यासात हयात घालवली. देव त्यांनी पाहिला तो त्याच्या यात्रेसकट, ओव्यांसकट, धनगरांच्या वाटांसकट. जुन्या वस्तूंच्या बाजारात टाक येतो तो मात्र ‘चांदी, महाराष्ट्र, एकोणिसावे शतक’ एवढ्याच ओळखीवर. कोणाच्या देवघरातला, कोणाचा वीर, हे सांगणारे कोणी नसते आणि टाकावर तसे काही लिहिलेलेही नसते. घरातून निघाला की तो मुका होतो.

साध्या घरगुती वस्तूंना कला मानून त्या जमवण्याची ओढ विसाव्या शतकाच्या आरंभी जगात अनेक ठिकाणी निर्माण झाली. कारण सगळीकडे जवळपास एकच होते. कारखान्याचा माल आला, हाताने केलेली वस्तू अडगळीत गेली, आणि अडगळीत गेल्यावरच ती कोणाच्या तरी डोळ्यांत भरली. अमेरिकेत साखरसम्राट हॅवमायर यांची मुलगी इलेक्ट्रा हिने १९०७ च्या सुमारास तंबाखूच्या दुकानापुढे उभा करतात तसला एक लाकडी पुतळा विकत घेतला. तिच्या आईच्या घरात देगा आणि मोने यांची चित्रे लावलेली. आईला ही खरेदी मुळीच पसंत पडली नाही. पण मुलगी थांबली नाही. गोधड्या, लाकडी बदके, वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे, खेळणी असे जमवत तिने १९४७ मध्ये व्हरमाँट राज्यात शेलबर्न संग्रहालय उभे केले. त्याआधी १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात होल्गर काहिल यांनी सामान्य माणसाच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले होते. त्यातल्या बहुतेक वस्तू ॲबी रॉकफेलर यांच्या संग्रहातल्या होत्या. म्हणजे तिथे ही हौस श्रीमंतांची होती.

आपल्याकडे ती एका चष्म्याच्या दुकानदाराची होती. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. सात वर्षांचा मुलगा राजा वारला आणि त्याच्या नावाने हा संग्रह वाढत गेला. अडकित्ते, वज्री, दिवे, कुलपे, दौती, फण्या, दारांच्या चौकटी. ज्या काळात इतिहास म्हणजे तलवारी आणि तहनामे असे समीकरण होते, त्या काळात पाय घासायची वज्री ही इतिहासाची वस्तू आहे असे मानायला वेगळी नजर लागते. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९७५ मध्ये हा संग्रह त्यांनी राज्य सरकारकडे सोपवला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. केळकर नसते तर यातल्या बऱ्याच वस्तू भट्टीत गेल्या असत्या, हे आधी मान्य करून मगच पुढचे बोलायला हवे.

पुढचे असे. वाचवलेल्या वस्तूबरोबर तिची हकीकत वाचतेच असे नाही. केळकर संग्रहातल्या प्रसिद्ध चित्रांचेच पाहा. रामायण-महाभारतातले प्रसंग दाखवणारी, ठसठशीत डोळ्यांची ती चित्रे ‘पैठणी’ म्हणून ओळखली जातात. हे नाव पडले ते ती पैठणला हाती लागली म्हणून. ती तिथेच काढली गेली का, यावर अभ्यासकांचा खल चालूच आहे. वस्तू मिळाल्याचे ठिकाण हेच तिचे जन्मस्थान होऊन बसले. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची चित्रे त्या मानाने नशीबवान, कारण ती दाखवत कथा सांगणारी माणसे अजून गावात आहेत. त्या चित्रांची पोथी असते; एक पोथी म्हणजे एक आख्यान. बाजारात मात्र पाने सुटी विकली जातात, कारण भिंतीवर लावायला एकच पान पुरते. पोथी फुटली की आख्यान संपले. उरते ते नुसते सुंदर चित्र.

टाक मुका, चित्र सुटे, कापड बेपत्ता. या सगळ्यांत एकच घरगुती वस्तू अशी आहे की जी आपली ओळख अंगावर घेऊन फिरते, आणि नेमकी तिच्याकडेच संग्राहकांचे लक्ष सर्वांत कमी गेले. ती म्हणजे नाव घातलेले भांडे.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. कासाराकडून भांडे घेतले की त्यावर नाव घालून घ्यायचे. कासार टोकदार खिळ्यावर हलकी हातोडी मारत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उमटवी. पुढे विजेवर थरथरणारी लेखणी आली आणि अक्षर सलग, पण काहीसे निर्जीव झाले. गुंड, कळशी, कोपर, गंज, बगोणे, गडवा, घंगाळ, परात. गळ्याखाली किंवा काठावर नाव असायचेच. हे हौसेने सुरू झाले नसावे. लग्नाकार्यात गावातली सगळी भांडी एका मांडवात जमत. शेकडो पाने उठायची, शंभर घरांची पातेली एकाच ओट्यावर घासली जायची, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला परत करायचे. नाव नसते तर भांडणे झाली असती. म्हणून आधी नुसती आद्याक्षरे, मग पुरते नाव, मग गाव, मग कोणी कोणाला आणि कशानिमित्त दिले ते, मग सन. गरजेपुरती खूण हळूहळू नोंद होत गेली.

जुन्या भांड्यांवर कधी शके असते, कधी वऱ्हाडात मुलकी व्यवहारात चालणारा फसली सन असतो. शकात ७८ आणि फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष कुठून मोजतात त्यानुसार एखाद्या सालाचा फरक पडतो. अक्षरे बहुधा बाळबोध, क्वचित मोडी. देवळाच्या कढईवर देवस्थानाचे नाव, जातीच्या सामाईक भांड्यांवर ‘समस्त पंच’, धान्याच्या मापांवर दुकानदाराचे नाव. दशमान पद्धत आली आणि ही पायली-अठव्याची मापे एका फटक्यात निकामी झाली. त्यांच्यावरची दुकानांची नावे कुठे गेली हे कोणी विचारलेही नाही.

पण या नोंदींतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बायकांची नावे.

आपल्या गावांच्या कागदपत्रांत बाई फार कमी दिसते. सातबाऱ्यावर ती आली तर बहुधा विधवा म्हणून, किंवा अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली. त्याआधीच्या पिढ्यांत लेकीचे नाव फेरफारात लागणे ही नवलाई होती. वंशावळीत मुलींची जागाच नसते. कुलवृत्तान्त निघाले ते मोजक्या घराण्यांचे, आणि त्यांतही सून येते ती बहुधा सासरच्या नावाने. भांड्याचे तसे नाही. भांडे हे तिला दिलेले, तिचे स्वतःचे. रुखवतातली परात, पहिल्या बाळंतपणानंतर माहेरून आलेले घंगाळ, मामाने दिलेला तांब्या, वास्तुशांतीला भावाने आणलेली कळशी, या प्रत्येकावर तिचे नाव, देणाऱ्याचे नाव आणि पुष्कळदा त्याचे गाव.

लग्नात मुलीचे नाव बदलायची आपली रीत. त्यामुळे एकाच बाईची भांडी दोन नावांची असतात. लग्नाआधी आईबापांनी घेऊन ठेवलेल्यांवर माहेरचे, नंतरच्यांवर सासरचे. शाळेत न गेलेल्या, जन्मनोंद नसलेल्या, मरेपर्यंत सासरच्या नावानेच ओळखल्या गेलेल्या एखाद्या आजीचे जन्मनाव घरात कोणालाच आठवत नाही, पण माळ्यावरच्या एखाद्या गुंडावर ते ठिपक्यांत असू शकते. तो गुंड हाच तिच्या त्या नावाचा एकमेव लेखी पुरावा.

एका घरची सगळी भांडी ओळीने मांडून वाचली तर त्या घराची सोयरीक किती कोसांच्या परिघात होत होती हे दिसू लागते. मेहकरच्या घरात लोणार, चिखली, रिसोड, जालना अशी गावे ओळीने यावीत यात नवल नाही, कारण वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचा हा मुलूख आहे. एकीकडे इंग्रजांचा कारभार आणि दुसरीकडे निजामाचा, तरी लेकी दोन्हीकडे दिल्या-घेतल्या जात. कारभाराच्या सरहद्दी नकाशात असतात. सोयरिकीचा नकाशा भांड्यांवर असतो.

याला मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. पितळ-तांबे हे ऐपतीचे लक्षण होते. ज्यांच्या घरी मडकी आणि जर्मनची पातेली एवढाच संसार, त्यांच्या बायकांची नावे इथेही नाहीत. दुष्काळात घरातून आधी निघायची ती भांडीच. वऱ्हाडाला १८९९–१९०० च्या दुष्काळाने झोडपले तेव्हा किती नावे भट्टीत गेली असतील याची कल्पनाच केलेली बरी. म्हणजे हा दप्तरखाना अपुरा आहे, आणि ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांच्याबाबत तर अधिकच अपुरा. तरी सरकारी दप्तराला तो जिथे पूरक आहे तिथे दुसरे काही नाही.

अमेरिकेतल्या संग्राहकांना अशाच एका वस्तूने मोठा धडा दिला. तिथे मुलींना शाळेत शिवण शिकवताना कापडाच्या तुकड्यावर मुळाक्षरे, अंक, एखादे वचन आणि शेवटी स्वतःचे नाव, वय, साल विणायला लावत. त्याला सॅम्पलर म्हणतात. बराच काळ हे तुकडे भिंतीवर लावायची शोभेची वस्तू म्हणूनच विकले गेले. मग काही अभ्यासकांनी नावांचा माग काढला. ह्यूस्टनच्या बेटी रिंग यांनी एकेका तुकड्यावरच्या मुलीचे गाव, तिचे घर शोधत, सारखी नक्षी शिकवणाऱ्या शिक्षिकांपर्यंत आणि त्यांच्या शाळांपर्यंत मजल मारली. १९९३ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मुलींच्या शिक्षणाचा, एरवी हाती न लागणारा इतिहास उभा राहिला. हे घडू शकले कारण आठ-दहा वर्षांच्या पोरींनी आपले नाव टाक्यांत लिहून ठेवले होते, आणि संग्राहकांनी, निदान काहींनी, ते वाचायचे मनावर घेतले. आपल्या ठिपक्यांच्या अक्षरांना अजून अशी बेटी रिंग भेटलेली नाही.

उलट आपल्याकडे नाव ही अडचण समजली जाते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गिऱ्हाइकाला घंगाळ हवे असते ते हॉटेलच्या दाराशी फुले तरंगत ठेवायला. त्यावर परक्या बाईचे नाव कशाला? म्हणून ते पॉलिशच्या चाकावर धरायचे, की ठिपके जातात आणि भांडे सोन्यासारखे चमकते. किंमत वाढते, माहिती शून्य होते. आणि बाजारापर्यंत पोचतात ती तरी थोडी. बाकीची गावातच मोडीत जातात. ‘मोडीत’ हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी लागू पडतो. आपण मोडी वाचायला विसरलो आणि मोडीत काय घालतो तेही वाचेनासे झालो. स्टेनलेस स्टील घराघरांत आले त्या वर्षांत पितळेच्या बदल्यात स्टील देणाऱ्यांनी गावेच्या गावे धुऊन नेली. कल्हईवाला येईना, चिंच-राखेने घासायला हात उरेनात, गॅसच्या शेगडीवर जाड बुडाचे बगोणे परवडेना. बायकांनी ती भांडी काढली यात त्यांचा दोष काढणाऱ्याने आधी एक गुंड घासून पाहावा. मला खटकते ते एवढेच की काढताना कोणी नाव उतरवून घेतले नाही.

शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाहीत, असा १९७२ चा कायदा आहे. मूर्तींच्या बाबतीत त्याचा धाक आहे. पण देशातल्या देशात भट्टीत जाणाऱ्या परातीचे रक्षण कोणता कायदा करणार? संग्रहालयांनीही हजारो पराती ठेवायच्या कुठे? प्रत्येक भांडे वाचवा असे म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. नाव वाचवायला मात्र जागा लागत नाही. भांडे हलक्या हाताने पुसावे, घासू नये. अक्षरांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीची आडवी कड फिरवली की ठिपके पांढरे उठतात. मोबाइलने टिपायचे तर प्रकाश समोरून नको, बाजूने तिरपा हवा. खोलगट ठिपक्यांत सावली पडते आणि झिजलेले अक्षरही लागते. भांड्याला घरात कोणत्या नावाने हाक मारतात ते लिहावे, कारण मेहकरचा गंज पुण्याला पातेले होतो आणि बोलीतला शब्द हाही त्या वस्तूचाच भाग. आणि नाव कोणाचे, हे घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारावे. पुरुषांना बहुधा माहीत नसते.

धनत्रयोदशीला नवे भांडे घ्यायची रीत आहे आणि जुनी मोड घालून नवे घेणे हा त्यातला हिशेबाचा भाग. या दिवसांत कासाराच्या दुकानात काट्यावर चढणारा ढीग पाहावा. तिथे किलोचा भाव असतो. नाव घातलेल्या आणि न घातलेल्या भांड्याचा भाव एकच. नव्या डब्यांवर अजूनही कोणी नाव घालून घेतात, पण पूर्वीइतके नाही, कारण भांडी आता एकमेकांच्या घरी जात नाहीत. लग्नाचा स्वयंपाक कंत्राटदार करतो, टेम्पोतून पातेली तोच आणतो, आणि त्या पातेल्यांवर लाल ऑइलपेंटने त्याचे नाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला असतो.